देवणी कोणत्या जिल्ह्यात आहे? जुन्या नकाशांच्या बाजूने काही शब्द

#धागा #इतिहास #मराठवाडा

१/
देवणी कोणत्या जिल्ह्यात आहे? हातातल्या मोबाइलवरचा नकाशा क्षणार्धात उत्तर देतो : लातूर. उत्तर बरोबर आहे, पण ते आजचे उत्तर आहे. हाच प्रश्न १९५५ साली विचारला असता तर ‘बिदर’ हे उत्तर मिळाले असते आणि १९७० साली ‘उस्मानाबाद’. गाव जागचे हलले नाही, त्याच्या भोवतीच्या रेषा हलल्या. ‘आता सगळे ऑनलाइन आहे, जुने नकाशे हवेत कशाला?’ असे अलीकडे वारंवार ऐकू येते. त्या मताचा प्रतिवाद करण्यासाठी हा दीर्घ धागा.

२/
आधी रेषांचा हिशेब मांडू. निजामाच्या हैदराबाद संस्थानात देवणी उदगीर तालुक्यात होती आणि उदगीर बिदर जिल्ह्यात. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाची राजवट संपली, तरी जिल्ह्यांची चौकट तशीच राहिली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि बिदरचे तीन भाग पडले. उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात येऊन उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले गेले. जहीराबाद-नारायणखेडचा भाग आंध्र प्रदेशात गेला. भालकी, हुमनाबाद, औराद आणि खुद्द बिदर म्हैसूर राज्यात गेले.

३/
पुढे १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले, १९८२ मध्ये लातूर जिल्हा झाला आणि १९९९ मध्ये देवणी हा स्वतंत्र तालुका झाला. म्हणजे पन्नास वर्षांच्या आत एकाच गावाचे पाच पत्ते झाले. ज्या देखण्या गोवंशाने या गावाचे नाव देशभर नेले, त्याला सगळीकडे ‘देवणी’च म्हणतात, पण त्या नावाचे गाव कोठे आहे, याचे उत्तर कोणत्या सालचा नकाशा उघडला आहे यावर अवलंबून राहते. आजच्या डिजिटल नकाशावर यांपैकी शेवटचा पत्ता तेवढा दिसतो. आधीचे चार तेथे पुसले गेले आहेत.

४/
कोणी म्हणेल, पुसले गेले तर काय बिघडले? बिघडते ते असे. पत्ता बदलला की दप्तराचे घरही बदलते. निजामकाळातील कागद काही बिदरला, काही हैदराबादच्या अभिलेखागारात, काही आजच्या धाराशिवला, तर काही लातूरला आहेत. आजोबांच्या जमिनीचा, इनामाचा किंवा जातीच्या नोंदीचा कागद शोधणाऱ्याने फक्त ‘लातूर’ या नावाखाली शोध घेतला, तर १९८२ च्या मागे तो आंधळा होतो. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने मराठवाड्यातील कुणबी नोंदींसाठी निजामकालीन दप्तरांचा शोध सुरू केला, तेव्हा जुना भूगोल ठाऊक असणे किती निकडीचे आहे हे साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. मागणीविषयी कोणाचे मत काहीही असो. कागद कोठे शोधायचा हे मात्र जुना नकाशाच सांगतो.

५/
जाता जाता एक उपयुक्त सूचना. निजामकाळातील कागदावर सन बहुधा फसली असतो. हैदराबादचे फसली वर्ष ऑक्टोबरात सुरू होई. म्हणून फसली सनात ऑक्टोबर ते डिसेंबरसाठी ५९० आणि त्यापुढील महिन्यांसाठी ५९१ मिळवले की इसवी सन मिळतो. फसली १३५८ म्हणजे १९४८-४९. घरातील जुन्या उर्दू कागदावर असा आकडा दिसला, तर तो हिजरी समजून चुकीच्या सालात शिरू नये. इतिहासात काळाचा हिशेब चुकला की पुढचे सगळेच चुकते. नकाशाचेही तसेच आहे.

६/
माझे मुख्य म्हणणे येथे मांडतो. इतिहासाच्या दृष्टीने नकाशा म्हणजे तारखेसह दिलेली साक्ष. अमुक साली, अमुक कार्यालयाने, अमुक हेतूने या भूमीकडे पाहिले आणि त्याला असे दिसले, असे जुना नकाशा सांगतो. कोपऱ्यात वर्ष असते, प्रमाण असते, पाहणी कोणाची हे असते. रोजच्या वापरातील डिजिटल नकाशावर या गोष्टी सहसा दिसत नाहीत. तो सतत बदलतो आणि प्रत्येक नवा बदल आधीच्या स्थितीवर लिहिला जातो. तो वर्तमान उत्तम जाणतो, पण कालचा दिवस विसरलेला असतो. आणि ज्याला काल आठवत नाही, त्याची साक्ष वादात फारशी कामाची नसते.

७/
येथे एक प्रामाणिक आक्षेप घेता येईल. उपग्रहचित्रे जुनीही पाहता येतात. काही डिजिटल नकाशे आपल्या दुरुस्त्यांचा इतिहासही राखतात. हे खरेच आहे. पण ही स्मृती किती मागे जाते? लँडसॅट मालिकेतील पहिला उपग्रह १९७२ मध्ये सोडला गेला, आणि त्या काळच्या चित्रांत बांध, विहीर वा गल्ली दिसत नाही. अमेरिकेच्या हेरगिरी उपग्रहांची १९६० च्या दशकातील चित्रे १९९५ नंतर खुली झाली, तीही सर्वत्र सारखी नाहीत. त्याच्या मागे जायचे असेल तर कागदाला पर्याय नाही. १९५६ ची पुनर्रचना, १९४८ चा मुक्तिलढा, त्याआधीची जहागिरी व्यवस्था : आपल्या भागाचे निर्णायक प्रसंग उपग्रहांच्या आधीचे आहेत.

८/
डिजिटल नकाशाची निंदा करण्याचा येथे हेतू नाही. अपरात्री रुग्णाला घेऊन उदगीर किंवा लातूर गाठायचे असेल, तर १९२० सालचा नकाशा कोणाच्याही उपयोगाचा नाही. रस्ता, अंतर, लागणारा वेळ या बाबतीत मोबाइलने दिलेली सोय अपूर्व आहे. जमीन मोजणीतही नव्या यंत्रांनी अचूकता आणली आहे. वाद एवढाच आहे की ‘कसे जावे’ याचे उत्तर देणाऱ्या साधनाला ‘येथे काय होते’ आणि ‘ते कोणाचे होते’ हेही आपोआप कळते, असे आपण गृहीत धरू लागलो आहोत.

९/
आता जुने नकाशे घडले कसे, ते थोडक्यात. १८०२ मध्ये विल्यम लॅम्बटनने मद्रासजवळ आधाररेषा मोजून दक्षिणोत्तर त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केले. जमिनीवर काही मैलांची सरळ रेषा साखळीने मोजायची, तिच्या टोकांवरून दूरच्या टेकडीचा कोन घ्यायचा, त्रिकोण सोडवायचा आणि त्याच्या बाजूवर पुढचा त्रिकोण रचायचा, अशी ही पद्धत. ही साखळी उत्तरेकडे सरकत आपल्या शेजारी आली. १८१५ मध्ये बिदरजवळ दामरगिड्डा येथे नवी आधाररेषा मोजली गेली. देवणीपासून ते ठिकाण सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्याही आत आहे.

१०/
लॅम्बटन १८२३ मध्ये वर्ध्याजवळ हिंगणघाट येथे वारला. काम जॉर्ज एव्हरेस्टने पुढे नेले. बिदरची आधाररेषा १८४१ मध्ये पुन्हा मोजण्यात आली. उत्तरेकडून त्रिकोण सोडवत आलेले गणिती उत्तर आणि जमिनीवरचे प्रत्यक्ष मोजमाप यांत फरक निघाला तो केवळ काही इंचांचा. संगणक नाही, उपग्रह नाही. अवजड थिओडोलाइट डोंगरावर चढवणारे मजूर, खलाशी, निशाणवाले आणि तापाने फणफणलेले मोजणीदार एवढीच साधने. त्यांतील बहुतेकांची नावे कोणत्याही नकाशावर नाहीत. ‘जुने म्हणजे ढोबळ’ असे म्हणण्यापूर्वी ही गोष्ट लक्षात असावी.

११/
या पायावर पुढे भारतीय सर्वेक्षण विभागाची स्थलदर्शक पत्रके तयार झाली. भूगोलाच्या तासाला सर्वांनी पाहिलेले ते टोपोशीट. देवणी-उदगीरचा परिसर ५६ क्रमांकाच्या ‘एफ’ भागात येतो. त्यात काय असते? विहिरी, तळी, देवळे, मशिदी, कबरी, गढ्या, झाडांची राई, नाल्यांचे खोलगट काठ, समोच्च रेषा. उजाड गावांनाही त्यात स्वतंत्र खूण आहे. डिजिटल नकाशावर दुकाने, पेट्रोल पंप व उपाहारगृहे ठळक असतात. कोणत्या वस्तूला नकाशात जागा मिळते, यावरून तो नकाशा कोणासाठी काढला आहे हे कळते.

१२/
लातूरकरांना पाण्याचे वेगळे सांगायला नको. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. अशा प्रदेशात जुन्या पत्रकावरील विहिरींच्या आणि तळ्यांच्या निळ्या खुणा म्हणजे पूर्वजांनी पाणी कोठे शोधले होते याची यादीच आहे. त्यांतील किती बुजल्या, किती बांधकामाखाली गेल्या, किती अजून उपसून वापरता येतील, हे जुना आणि नवा नकाशा शेजारी ठेवल्याशिवाय कळणार नाही. नवा नकाशा एकटा फक्त ‘येथे काही नाही’ एवढेच सांगतो.

१३/
टोपोशीटपेक्षाही जवळचा नकाशा म्हणजे गावनकाशा. तो शंकू साखळीने मोजून काढलेला. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. एका साखळीची लांबी आणि एका साखळीची रुंदी म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एकर. आजही प्लॉटचा भाव आपण गुंठ्याने बोलतो तेव्हा नकळत त्या साखळीनेच मोजत असतो. पुष्कळ गावनकाशे एका इंचाला २० साखळ्या या प्रमाणात असतात. त्यात शिव, सर्व्हे किंवा गट नंबर, ओढे, गावठाण, गायरान आणि वाटा दाखवलेल्या असतात.

१४/
वाटांवर थोडे थांबू, कारण आजच्या मराठवाड्यातील अनेक भांडणे वाटेचीच आहेत. गावनकाशात गाडीवाट तुटक दुहेरी रेषेने, तर पायवाट तुटक एकेरी रेषेने दाखवतात. आता कल्पना करा : दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांनी दरवर्षी नांगराचे एकेक तास सरकवत पांदण पोटात घेतली. उपग्रहाला वरून काय दिसेल? सलग सोयाबीन. डिजिटल नकाशाच्या लेखी तेथे वाट कधी नव्हतीच. गावनकाशावरची ती तुटक दुहेरी रेषा मात्र सांगते की येथून बैलगाडी जात होती आणि ती कोणा एकाच्या मालकीची नव्हती.

१५/
पावसाळ्यात शेतातला माल चिखलातून डोक्यावर काढावा लागणाऱ्या कुटुंबासाठी ही दुहेरी रेषा फार मोलाची असते. अडवलेली वाट मोकळी करण्यासाठी मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ आहे. बांधावरून रस्ता मागण्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम १४३ आहे. २०२१ मध्ये राज्याने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजनाही आणली. पण वाट पूर्वापार होती की नाही, हा वाद उभा राहिला की सगळ्यांची नजर जुन्या गावनकाशाकडेच वळते.

१६/
महसुली दप्तरात एक शब्द आढळतो : ‘बेचिराख’ गाव. चिराख म्हणजे दिवा. ज्या गावात आता एकही दिवा लागत नाही, ते बेचिराख. दुष्काळ, पटकी, लूट, आटलेली विहीर अशा कोणत्याही कारणाने माणसे उठून गेली. पण दप्तराने गाव मिटवले नाही. त्याची शिव राहिली, नाव राहिले, जमीन राहिली. फारसीतून आलेला हा एक शब्द म्हणजे लोकवस्तीच्या इतिहासाचा दुवा आहे. मोबाइलच्या नकाशाला वस्ती नसलेले गाव दाखवण्याचे कारणच नाही. तेथे कोणाला जायचे आहे?

१७/
शेतांच्या नावांचेही तसेच आहे. गट नंबर ही आजची ओळख. त्याआधी प्रत्येक रानाला नाव होते : मळई, बरड, माळ, देवाचे रान, पाटलाचा मळा. आणि ‘हाडवळा’. महार वतनातील जमिनीशी जोडलेले हे नाव गावगाड्यातील श्रमाची आणि अपमानाची वाटणी कशी झाली होती ते एका शब्दात सांगते. गट नंबर निर्विकार असतो. त्याने जुनी उतरंड दिसेनाशी होते, पण कोणत्या जमिनी कोणाकडून कशा गेल्या याचा मागही त्याबरोबर पुसला जातो. ज्यांच्याकडे खरेदीखते नव्हती, त्यांचा इतिहास बऱ्याचदा अशा नावांतच शिल्लक आहे.

१८/
आता आपल्याच जिल्ह्यातील सर्वांत वेदनादायी उदाहरण. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी-सास्तूर परिसरात भूकंप झाला. हजारो माणसे दगडमातीच्या घरांखाली गेली. लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावे पूर्णतः नव्या जागी वसवली गेली. नवी गावे रुंद रस्त्यांची, सरळ ओळींची, घराघरांत अंतर राखणारी. जुनी गावे दाटीची होती : जाड भिंतींचे वाडे, माळवदाची घरे, वेस, पार, अरुंद बोळ.

१९/
आजच्या नकाशावर ‘किल्लारी’ शोधले की नवे गाव पुढे येते, आणि तेच योग्य आहे. माणसे तेथे राहतात. परंतु १९९३ पूर्वीचे पत्रक उघडले की नदी, ओढा, वाटा आणि गाव यांचे जुने नाते दिसते : वस्ती पाण्याजवळ का होती, कोणती वाट कोणत्या शेताकडे जात होती. भूकंपानंतर जन्मलेल्या माझ्या पिढीला ती गावे पाहता आली नाहीत. वडीलधारी मंडळी बोट दाखवून सांगतात तेव्हा समोर झुडपे आणि ढिगारे असतात. त्यांचे बोट आणि तो जुना नकाशा एकत्र आले, तरच ते गाव पुन्हा समजते.

२०/
लढायांच्या इतिहासालाही हेच लागू पडते. फेब्रुवारी १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी निजामाचा पराभव केला, ती उदगीरची लढाई. निजामाचे सैन्य उदगीरहून औशाकडे आणि तेथून धारूरकडे जाऊ पाहत होते, कारण धारूरला त्याला कुमक मिळणार होती. आजच्या महामार्गांच्या नकाशावर ही हालचाल चमत्कारिक वाटते. उदगीर, औसा, धारूर हे किल्ले आहेत, अंतर मजलींत मोजले जाते आणि तोफा ओढणाऱ्या बैलांना पाणी लागते, अशा नजरेने पाहिले की तिची संगती लागते. भूतकाळातील माणसांचे निर्णय समजायचे असतील, तर त्यांची अंतरे त्यांच्याच मापाने मोजावी लागतात.

२१/
येथपर्यंत वाचून जुना नकाशा म्हणजे निर्मळ सत्य, असा समज होऊ नये. तो सत्तेच्या गरजेतून जन्मला. सर्वेक्षणाला सैन्याची वाट आणि महसुलाचा आकडा हवा होता. म्हणून शेतीची जमीन काटेकोर मोजली गेली आणि फिरस्त्या जमातींचे मार्ग, गुराख्यांचे तळ, बायकांच्या पाणवाटा बहुधा सुटल्या. गावांची नावे परभाषकांच्या कानांनी ऐकून लिहिली गेली. देवणीचे रोमन लिपीतील ‘देओनी’ अजून टिकून आहे. जुन्या नकाशाचे मौनही वाचायला शिकणे हा इतिहासाच्या अभ्यासाचाच भाग आहे.

२२/
मग नव्या आणि जुन्या नकाशात फरक तो काय, दोघेही पक्षपाती? फरक असा की जुन्या नकाशाचा पक्ष उघड असतो. कोणी काढला, कधी, कशासाठी, हे त्याच्या अंगावर लिहिलेले असते आणि तो सर्वांना एकसारखा दिसतो. डिजिटल नकाशाचे तसे नाही. वादग्रस्त आंतरराष्ट्रीय सीमा कोणत्या देशातून पाहिली जाते, त्यानुसार काही प्रसिद्ध डिजिटल नकाशांवर वेगवेगळी दिसते. एकच नकाशा दोघांना दोन रूपे दाखवू लागला, तर पुढच्या पिढीने त्यांतील कोणते रूप पुरावा मानायचे?

२३/
सीमेचा विषय आपल्याला दूरचा नाही. देवणीच्या पलीकडे काही अंतरावर कर्नाटक सुरू होते. १९५६ पूर्वी ती रेषाच तेथे नव्हती. सोयरीक, बाजार, दर्गे, देवस्थाने यांनी दोन्हीकडची गावे बांधलेली होती आणि आहेत. महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. डिसेंबर २०२२ मध्ये विधिमंडळाने ८६५ गावांविषयी ठराव केला. त्यात बिदर जिल्ह्यातील गावेही आहेत. दाव्याचा निकाल काय लागावा, हा या धाग्याचा विषय नाही. पण आज पक्की दिसणारी रेषा केव्हा, कोणत्या जिल्ह्यातून ओढली गेली, हे तारीखवार नकाशे नसतील तर कोणालाच कळणार नाही.

२४/
कायद्याने या बाबतीत मोठे शहाणपण दाखवले आहे. भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ च्या कलम ८३ नुसार सरकारी अधिकाराने काढलेले नकाशे अचूक आहेत असे न्यायालय गृहीत धरते. पण एखाद्या खटल्यासाठी मुद्दाम काढलेला नकाशा अचूक असल्याचे सिद्ध करावे लागते. २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही हे तत्त्व कायम आहे. मथितार्थ असा की वाद सुरू होण्यापूर्वीच्या नकाशाला वजन असते, कारण त्याला या वादात कोणाची बाजू घ्यायची नव्हती. इतिहासाचा विद्यार्थी साधनांकडे याच नजरेने पाहतो.

२५/
‘मग जुने नकाशे स्कॅन केले की प्रश्न संपला’, असे वाटू शकते. स्कॅन अवश्य व्हावेत. सर्वेक्षण विभागाने आणि भूमी अभिलेख खात्याने पुष्कळ साहित्य ऑनलाइन आणले आहे, त्याचे स्वागतच आहे. पण दोन सावधगिऱ्या हव्यात. एक, जुनी पत्रके एव्हरेस्टच्या पृथ्वीगोल-मापावर आधारलेली आहेत आणि मोबाइल वेगळे माप वापरतो. रूपांतर न करता एकावर एक ठेवले तर शेकडो मीटरांचा फरक पडू शकतो आणि नवेच भांडण उभे राहते. दोन, स्कॅन झाला म्हणून मूळ कागद रद्दीत जाता कामा नये. कडेच्या टिपा, दुरुस्तीची शाई, मागच्या बाजूचे शिक्के हेही पुरावेच असतात.

२६/
म्हणून माझ्या अपेक्षा साध्या आहेत. प्रत्येक गावाचा उपलब्ध असलेला प्रत्येक काळातील नकाशा सालासह खुला असावा. नवा आला म्हणून जुना हटवला जाऊ नये. जिल्हा किंवा तालुका बदलला, नाव बदलले, तर जुने नाव व बदलाची तारीख शोधात राहावी. उस्मानाबादचे धाराशिव झाले तरी दोन्ही नावांनी कागद सापडला पाहिजे. उर्दू आणि मोडी वाचणारी माणसे तालुका पातळीवर तयार व्हावीत, कारण निजामकालीन दप्तर वाचता आले नाही तर ते असून नसल्यासारखे आहे. आणि शाळेत मुलांनी जगाच्या नकाशाआधी आपल्या शिवाराचा नकाशा हाती घ्यावा.

२७/
वाचकांसाठी एक काम. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून आपल्या गावनकाशाची नक्कल मिळते, ती अर्ज करून घ्या. गावातील दोन-तीन वृद्धांसमोर ती पसरा. त्यात आजीबाई आवर्जून असाव्यात. पाणवाटा आणि सरपणाच्या वाटा त्यांनाच ठाऊक असतात. कोणत्या रानाला काय म्हणत, कोणती विहीर बुजली, कोणती पांदण कोठे निघत असे, हे विचारा आणि नकलेच्या झेरॉक्सवर पेन्सिलीने लिहा. खाली तारीख आणि सांगणाऱ्याचे नाव घाला, अर्थात त्यांच्या संमतीने. तारीख घातल्याक्षणी तुमचा तो कागदही ऐतिहासिक साधन होतो.

२८/
ही माणसे आहेत तोवरच हे काम होणार आहे. वलांडीचे, बोरोळचे, उदगीरचे किंवा सीमेपलीकडच्या भालकी-औरादचे कोणी हा धागा वाचत असतील, तर आपल्या शिवारातील एखाद्या जुन्या रानाचे नाव, बेचिराख गावाचे नाव किंवा हरवलेली वाट उत्तरात जरूर लिहा. सोबत ते कोणाकडून ऐकले आणि साधारण केव्हाचे, हेही लिहा. धागा येथे संपतो.